मिर्झा-साहिबां : साहिबांनं भाता झाडावर का टांगला?

रानजाई

हीर-रांझा, सोहनी-महिवाल, सस्सी-पुन्नू. पंजाबातल्या प्रेमकथांची नावं घेताना बाईचं नाव आधी येतं. एकच जोडी उलटी, मिर्झा-साहिबां. याचं कारण तिकडे सर्रास असं सांगतात की बाकीच्या जणींनी प्रेमापायी जीव ओवाळून टाकला आणि हिनं ऐन वेळी दगा दिला, म्हणून हिचं नाव मागे. मला हे अजिबात मान्य नाही. बरेच दिवस मनात घोळत होतं, आज सविस्तर लिहिते. तुमची मतं हवी आहेत, विरोधातली असली तरी.

ज्यांना कथा माहीत नाही त्यांच्यासाठी आधी ती सांगते. रावी आणि चिनाब या दोन नद्यांमधला कोरडा मुलूख, त्याला सांदल बार म्हणत. आज तो पाकिस्तानात, फैसलाबाद-झंगच्या बाजूला आहे. मिर्झा खरल जमातीचा, दानाबादचा. साहिबां सियालांची, झंगकडच्या खीवा गावची, सरदाराची मुलगी. मिर्झाला लहानपणी शिकायला खीव्याला ठेवलं होतं. मशिदीत काझीपुढे दोघं शेजारी बसून शिकली. काझी छडी उगारतो तेव्हा साहिबां त्याला म्हणते, नको मारूस, आमचं शिकणं राहूनच गेलं, आम्ही प्रेम लिहून घेऊन आलोय.

पुढे दोघं मोठी झाली. साहिबां तेल आणायला दुकानात जाते तो प्रसंग पीलू या कवीच्या किश्श्यात, म्हणजे त्यानं रचलेल्या काव्यकथेत आहे. वाणी तिच्याकडे बघतो आणि त्याला तागडी धरायचं भान राहत नाही, वजनं टाकायचं भान राहत नाही. तेलाऐवजी तिच्या भांड्यात मध ओतून मोकळा होतो. नायिकेचे नाक-डोळे वर्णन करत न बसता कवीनं वाण्याचं नुकसान दाखवलं. हा तुकडा मला फार आवडतो.

मग बोभाटा झाला. मिर्झाची रवानगी दानाबादला, साहिबांचं लग्न चंधड जमातीच्या ताहिर खानाशी ठरलं. तिनं करमू नावाच्या ब्राह्मणाकरवी निरोप धाडला की आता आलास तर आलास. मिर्झा आपल्या बक्की घोडीवर बसला. निघताना बाप वंझल त्याला बजावतो की बायकांच्या दोस्तीला आग लागो, हसून प्रीत जोडतात आणि रडून सगळं सांगून टाकतात. मिर्झा ऐकत नाही. वऱ्हाड दारात आलेलं असताना, हातावर मेंदी ओली असताना, तो साहिबांला उचलतो आणि दोघं रातोरात निघतात.

दानाबाद फार लांब उरलेलं नाही. पण मिर्झाला झोप येते. वाटेत जंडाचं झाड असतं, त्याखाली तो आडवा होतो. साहिबां विनवते, ऊठ, घर गाठू, माझे भाऊ मागावर असतील. तो म्हणतो, माझ्याशी टक्कर घेईल असा माणूस मला दिसत नाही, आलेच तर एकेकाला लोळवीन. आणि झोपतो. त्याच्या भात्यात तीनशे बाण आहेत आणि त्याचा नेम चुकत नाही हे तिला माहीत आहे. ती भाता उचलते आणि झाडावर उंच टांगते. लोकांच्या तोंडी जी कथा आहे तिच्यात ती बाण मोडतेसुद्धा. भाऊ येतात. मिर्झा जागा होऊन भात्याकडे हात टाकतो, तर भाता नाही. तो मारला जातो. साहिबांही वाचत नाही. कुणी सांगतं तिनं स्वतःला संपवलं, कुणी सांगतं भावांनीच तिचा गळा आवळला.

पीलू हा कवी सोळाव्या शतकाच्या अखेरीचा, सतराव्याच्या सुरुवातीचा मानतात. म्हणजे चारशे वर्षं ही ओळ गायली जातेय :

मंदा कीतोई साहिबां, मेरा तरकश टंगिया जंड.

वाईट केलंस साहिबां, माझा भाता जंडावर टांगलास. आता माझं म्हणणं. याच कडव्यात पुढे मिर्झा सांगतो की बाण हाताशी असते तर पहिला मी शमीरला मारला असता. शमीर कोण? साहिबांचा भाऊ. म्हणजे तिला जी भीती वाटली ती खरीच होती, मरता मरता त्यानंच ती खरी असल्याची साक्ष दिली. तिच्यासमोर दोन वाटा होत्या. नवरा जगणार आणि भावांचे मुडदे पडणार, किंवा भाऊ जगणार आणि ते बहिणीकडे बघून नवऱ्याला सोडतील एवढी आशा करायची. तिनं दुसरी निवडली. कुणीच मरू नये असं वाटणारी त्या सगळ्या गोष्टीत ती एकटी आहे. तिला दगाबाज कसं म्हणायचं?


गोदाकाठ

ताई, धागा मनापासून आवडला. मी नांदेडचा, त्यामुळे पंजाबी कानावर लहानपणापासून. पण मिर्झा पहिल्यांदा नीट ऐकला तो 2015 साली. घुमानला साहित्य संमेलन होतं, आम्ही काही जण सचखंड एक्स्प्रेसनं निघालो होतो. डब्यात एक वयस्कर सरदारजी होते, तरनतारनकडचे. नामदेवांच्या गावाला मराठी माणसं निघाल्येत म्हटल्यावर त्यांना भारी आनंद झाला. रात्री जेवणं झाल्यावर कुणीतरी गायचा आग्रह केला आणि त्यांनी मिर्झा लावला.

वाचून हे कळत नाही म्हणून लिहितो. मिर्झा गायची चाल ठरलेली आहे. सुरुवातच वरच्या पट्टीत, जणू शेताच्या दुसऱ्या बांधावरच्या माणसाला हाक मारावी तशी. त्याला ते हेक म्हणतात. ओळीचा शेवटचा शब्द तिथेच ताणून धरायचा, दम पुरेल तितका. मग झटकन खाली यायचं आणि पुढची ओळ जवळजवळ बोलल्यासारखी म्हणून टाकायची. सरदारजींनी एका हातानं कान झाकला होता आणि मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. डब्यातली चहावाली पोरंसुद्धा थांबली. "तरकश टंगिया जंड" म्हणताना शेवटच्या "जंड"वर ते जे थांबले, त्यात मला तरी राग ऐकू आला नाही. विश्वासच बसत नसलेल्या माणसाचा आवाज होता तो.

पाकिस्तानातले आलम लोहार चिमट्याच्या ठेक्यावर गायचे, आपल्याकडच्या पंजाबात कुलदीप माणक. दोघांची तऱ्हा वेगळी. मला माणक जास्त जवळचे, कारण त्यांच्या आवाजात धार आहे. पण सुरुवात करणाऱ्यानं आलम लोहारांपासून करावी.


धुळाक्षर

लेख उत्तम, तरी मी विरोधात लिहितोय.

साहिबांला भाऊ प्यारे होते हे मान्य. त्यात काहीच गैर नाही. पण तिनं काय केलं ते बघा. झोपलेल्या माणसाचं शस्त्र काढून घेतलं आणि त्याला न सांगता. त्याला जागं करून सांगायचं, तू माझ्या भावांवर बाण चालवणार असशील तर मी परत जाते. मग त्याला ठरवू द्यायचं होतं. कदाचित तो पळाला असता, कदाचित बोलणी केली असती, कदाचित लढला असता. ते त्याचं त्यानं ठरवलं असतं. तिनं त्याच्या वाटचं परस्पर ठरवून टाकलं. ज्याच्या भरवशावर माणूस निर्धास्त झोपतो त्यानंच असं केलं तर त्याला दगाच म्हणतात, हेतू कितीही चांगला असो.

आणि भावांच्या दयेवर नवऱ्याचा जीव टाकणं हा निव्वळ भोळेपणा. ती त्याच घरात वाढलेली. आपले भाऊ काय आहेत हे तिला माहीत नव्हतं?


अनघा_सावंत

सुंदर लिहिलंय. वाचतेय. एक शंका. मिर्झा तिच्या बापाकडे शिकायला राहिला होता म्हणजे काही नातं होतं का? मी असं ऐकलंय की तो तिच्या आत्याचा मुलगा. तसं असेल तर आमच्याकडे मामाची मुलगी म्हणजे हक्काची. आमच्या घरातच तीन पिढ्यांत अशी लग्नं झालेली आहेत. मग विरोध कशापायी?


रानजाई

@अनघा, बरोबर ऐकलंय. बऱ्याच ठिकाणी मिर्झाची आई आणि साहिबांचा बाप ही दूधभावंडं सांगतात, एकाच दाईचं दूध प्यालेली. म्हणून तर मुलाला मामाकडे ठेवलं. मुसलमान कुटुंबं, चुलत-मावस-मामे नात्यात लग्न होऊ शकतं, त्यामुळे नात्याची आडकाठी नव्हती. आडकाठी दोन गोष्टींची. एक, खरल आणि सियाल दोन्ही मानी जमाती. दोन, आणि मोठी, चंधडांना शब्द दिलेला होता. वऱ्हाड दारात उभं असताना नवरी नाही म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

@धुळाक्षर, तुमचा मुद्दा जोरदार आहे, पण तुम्ही एक गोष्ट सोडून देताय. तिनं सांगितलं होतं. तो झोपायच्या आधी सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ऊठ, निघू, थांबायला नको, हे शब्द तिचेच आहेत. निघून जाणं हाच एक रस्ता होता ज्यात कुणीच मेलं नसतं, आणि तो रस्ता तिनंच दाखवला. मिर्झानं तो नाकारला तो झोपेपायी आणि आपल्या नेमाच्या गर्वापायी. सांगून झालं, विनवून झालं, आणि समोरचा घोरायला लागला. त्यानंतर भाता टांगलेला आहे.


शमीपत्र

मी वनस्पतीशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे माझं लक्ष झाडाकडे गेलं. जंड म्हणजे आपली शमी. राजस्थानात हिलाच खेजडी म्हणतात आणि तिथला तो राज्यवृक्ष आहे. महाराष्ट्रात दसऱ्याला जिची पूजा होते तीच ही शमी. (सोनं म्हणून वाटतात तो आपटा, ते झाड वेगळं.) खोल मुळांचं झाड, त्यामुळे भर मे महिन्यातही हिरवं असतं. सांदल बारसारख्या कोरड्या मुलखात लांबून दिसणारी सावली तीच असणार. पण पानं बारीक, सावली विरळ, अंगावर काटे. वाटसरू थांबेल तो दुसरं झाड नाही म्हणूनच.

आता गंमत नाही, खरंच अंगावर काटा आला म्हणून सांगते. विराटपर्वात पांडव अज्ञातवासाला जाताना शस्त्रं कुठे ठेवतात? शमीवर. गांडीव, बाणांचे भाते, सगळं उंच फांदीवर बांधतात, आणि लोकांनी फिरकू नये म्हणून शेजारी प्रेत लटकवतात. वर्षानं कौरव गाई पळवायला येतात तेव्हा अर्जुन उत्तराला झाडावर चढवून शस्त्रं खाली काढायला लावतो. तिथे शस्त्र झाडावर ठेवण्याचा अर्थच असा की काही काळ हत्यार नको, योग्य वेळी खाली घेऊ.

पीलूच्या डोक्यात महाभारत होतं असा माझा दावा नाही. पण ज्या मुलखात शमी जागोजागी उभी आहे तिथे शस्त्र टांगायला तेच झाड येणार. साहिबां भाता विहिरीत टाकत नाही, वाळूत पुरत नाही. टांगते. खाली काढता येईल अशा जागी ठेवते. म्हणून बाण मोडण्याचा भाग मला नंतर चिकटवलेला वाटतो. बाण मोडले की हेतू पक्का ठरतो, ती कायमची दोषी होते. टांगलेल्या भात्यात अजून जागा आहे.


धुळाक्षर

@शमीपत्र, अप्रतिम प्रतिसाद. टांगणं आणि मोडणं यातला फरक मलाही पटतो, आणि ओळीत टांगल्याचंच आहे.

@रानजाई, विनवलं हे खरं. पण विनवणीत "मी तुझं शस्त्र काढून घेईन" हे नव्हतं. माझं म्हणणं तिथेच आहे.


काळी_आई

मिर्झाबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते. हा प्राणी स्वतःच्या बहिणीचं लग्न टाकून आलेला आहे. बऱ्याच रूपांत असं आहे की करमूचा निरोप येतो त्या वेळी दानाबादला त्याच्या बहिणीच्या लग्नाची गडबड चालू असते. घरातल्या बाया त्याला अडवतात. तो सगळ्यांना ओलांडून घोडीवर बसतो. आणि त्याच्याबद्दल लोक काय गातात? शूर, यार, शब्दाला जागणारा.

साहिबांनं नेमकं उलट केलं. तिनं घर सोडलं, मेंदी सोडली, वऱ्हाड सोडलं, पण शेवटच्या घटकेला भावांवरचा बाण अडवला. तर ती दगाबाज. भावानं बहीण सोडली तर मर्दानगी आणि बहिणीनं भाऊ सोडला नाही तर दगा, हा हिशेब मला समजत नाही.

आणि शेवटची ती ओळ, बाझ भरावां जट्ट मारिया, कोई ना मिरजे दे संग. पाठीशी भाऊ नव्हते म्हणून जाट मारला गेला. पंजाबात ही ओळ म्हणीसारखी वापरतात, भाऊबंदांना धरून राहा हे सांगायला. बघा, गाणं स्वतःच म्हणतंय की माणसाला भाऊ हवेत. मग साहिबांला ते हवे होते यात तिचा अपराध कोणता?


गोदाकाठ

@काळी_आई, +1. हे मी इतक्या वेळा ऐकून माझ्या डोक्यात आलं नव्हतं.


वकीलकाकू

मी एका जिल्हा न्यायालयात वकिली करते. पळून आलेल्या जोडप्यांची प्रकरणं बरीच हाताळते, म्हणून हा धागा दोनदा वाचला.

आधी कामाचं सांगते. आंतरजातीय-आंतरधर्मीय जोडप्यांना विशेष विवाह कायदा, 1954 खाली लग्न करायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लागते. नावं, पत्ते, सगळं. तो महिना म्हणजे जंडाखालची झोप. घरच्यांना पत्ता लागतो तो याच काळात. सर्वोच्च न्यायालयानं 2018 च्या मार्चमध्ये अशा जोडप्यांच्या संरक्षणाबाबत राज्यांना स्पष्ट निर्देश दिले आहेत : जिल्ह्यात विशेष कक्ष, अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा, आणि धमकीची तक्रार आली की पोलिसांनी लगेच संरक्षण द्यायचं. दोघं सज्ञान असतील तर कुटुंबाची किंवा जातपंचायतीची संमती लागत नाही, हेही त्यात आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी हे माहीत करून घ्यावं.

आता साहिबांचं. संरक्षणाचा अर्ज लिहायला बसलं की मुलाला विचारते, धोका कुणापासून? तो धडाधड नावं सांगतो. मग मुलीला विचारते. ती आधी गप्प बसते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते, सोडते, पुन्हा गुंडाळते. मग विचारते, "मॅडम, माझ्या भावावर केस नाही ना पडणार?" जवळजवळ प्रत्येक वेळी. ज्या भावानं घरात कोंडून ठेवलं, मोबाईल फोडला, मारलं, त्याच भावाबद्दल. वडिलांचं नाव लिहू द्यायला तयार होतात, चुलत्याचं तर लगेच. सख्ख्या भावाचं नाव लिहिताना हात धरतात.

त्यांना मी दगाबाज म्हणत नाही. त्या मुलावर प्रेम करतात आणि भावाला जेलात बघवत नाही, दोन्ही एकाच वेळी खरं आहे. पण मी त्यांना ते नाव लिहायलाच लावते. कारण मी हेही बघितलंय की काही महिन्यांनी घरून फोन येतो, झालं गेलं विसरू, आईला भेटून जा. ती विश्वास ठेवते. धुळाक्षर विचारतात, आपले भाऊ काय आहेत हे तिला माहीत नव्हतं का? माहीत असतं. तरी आशा सुटत नाही. तो भोळेपणा म्हणता येत नाही हो. पंधरा-वीस वर्षं ज्या हातानं खाऊ दिला तो हात एका रात्रीत परका होत नाही.


अनघा_सावंत

काकू, वाचून सुन्न झाले.


धुळाक्षर

वकीलकाकू, तुमच्या अनुभवापुढे माझं पुस्तकी बोलणं आहे हे जाणून लिहितो. "हात परका होत नाही" हे मान्य. तरीही तुम्ही स्वतः त्या मुलींना भावाचं नाव लिहायला लावताच ना? का? कारण त्यांच्या आशेची किंमत दुसऱ्या माणसाला, म्हणजे त्या मुलाला, जिवानिशी मोजावी लागू शकते. मी तेवढंच म्हणतोय. साहिबांची माया समजते. पण त्या मायेची किंमत मिर्झानं मोजली आणि त्याला आधी विचारलं नव्हतं.


वकीलकाकू

@धुळाक्षर, हो, लावते. आणि तुमचं हे म्हणणं बरोबर आहे. फरक एवढाच की माझ्या अशिलांना मी आहे, न्यायालय आहे, कागद आहे. साहिबांच्या हाती काय होतं? एक झोपलेला माणूस, एक भाता, आणि लांबून येणारी धूळ.


रानजाई

मला कथेतली आणखी एक साहिबां दाखवायची आहे, कारण आपण जंडाखालच्या साहिबांवरच अडकलोय. हुजरा शाह मुकीमच्या दर्ग्यात ती नवस बोलते ते गाणं. बऱ्याच जणांनी ऐकलं असेल, फक्त ते मिर्झातलं आहे हे माहीत नसेल. हे गाव आजही आहे, पाकिस्तानातल्या ओकाडा जिल्ह्यात.

ती पीराला बोकड कबूल करते आणि मागते काय? माझ्या डोक्यावरचा धनी मरो. वाण्याचं ते दुकान जळो, जिथे रोज रात्री दिवा जळत असतो. फकिराची ती कुत्री मरो, जी सारखी भुंकते. शेजारणी पाच-सात मराव्यात, उरलेल्यांना ताप चढावा. आणि मग :

गलियां हो जाण सुन्नियां, विच मिरजा यार फिरे.

गल्ल्या ओस पडाव्यात आणि त्यातून माझा मिर्झा फिरावा.

किती बेधडक मागणं आहे. चोरून भेटायला येणाऱ्याला काय काय नडतं ते सगळं यात आहे : उशिरापर्यंतचा उजेड, भुंकणारं कुत्रं, खिडकीतल्या बायका. एकेक नडणारी गोष्ट ती बोट दाखवून बाजूला करते. पण या शापांच्या यादीत बघा, भाऊ नाहीत. नवरा मरो म्हणणारी, शेजारणी मरोत म्हणणारी बाई, खरा अडसर असलेल्या भावांचं नाव घेत नाही. जंडाखाली जे घडलं त्याची तयारी इथेच आहे असं मला वाटतं. एवढी उलट्या काळजाची होऊनही तिचा हात भावांपाशी थांबतो.


काळी_आई

रानजाई, हा प्रतिसाद मूळ लेखात घाला. शापांच्या यादीत भाऊ नाहीत हे कुठेच वाचलं नव्हतं.


टेम्सकाठी

मी लंडनजवळ राहते, आमच्या रस्त्यावर निम्मी घरं पंजाबी, दोन्हीकडची. एक शेजारीण झंगच्या बाजूची, सत्तरीची. तिला हा धागा मराठीतून हिंदीत सांगत वाचून दाखवला. तिचं म्हणणं असं : त्यांच्या घरात पुरुष हा किस्सा मोठ्यानं म्हणायचे, ओसरीवर. बायकांनी म्हटलेला तिनं कधी ऐकला नाही. मुलींना मात्र तो सांगितला जायचा, आणि सांगायची तऱ्हा ठरलेली : बघ, घर सोडून गेली, ना इकडची राहिली ना तिकडची. धाक घालायला.

मी तिला विचारलं, तुला काय वाटतं, तिनं भाता का टांगला? तिला विचार करावा लागला नाही. म्हणाली, "वीर सी ओहदे." भाऊ होते ना तिचे. आणि भाजी निवडायला लागली. तिला तो प्रश्नच वाटला नाही.

माझ्या मनात येतं, किस्से लिहिणारे पुरुष, गाणारे पुरुष, गाण्याच्या आखाड्यात बसून ऐकणारे पुरुष. त्यांना मिर्झाच्या रिकाम्या हाताचं दुःख कळलं आणि ते त्यांनी जीव ओतून गायलं. दुसरं दुःख ज्यांना कळत होतं त्या आतल्या खोलीत होत्या.


शमीपत्र

@टेम्सकाठी, आपल्याकडे उलट आहे ना थोडं? पोवाडा शाहीर गातो, पण जात्यावरच्या ओव्या बायकांच्या. त्यात भाऊ किती ठिकाणी येतो! माहेरचा रस्ता, भावाची गाडी, भावाची चोळी. लग्न झालेली बाई दळता दळता नवऱ्यापेक्षा भावावर जास्त ओव्या घालते. साहिबांची गोष्ट आपल्या ओव्या म्हणणाऱ्या आजीला सांगितली असती तर तिनं बहुधा त्या शेजारणीसारखंच उत्तर दिलं असतं.


गोदाकाठ

खरंय. माझी आजी भाऊबीजेला आजोबांशी भांडून माहेरी जायची, नव्वदीपर्यंत.

रानजाईताई, एक विनंती. त्या भात्याच्या कडव्याचा मराठीत अनुवाद होईल का? गाता येईल असा. गद्यात अर्थ कळतो, पण हेक लावायला शब्द हवेत.


रानजाई

@गोदाकाठ, प्रयत्न केलाय. शब्दाला शब्द नाही, कडव्यातला एक भाग सोडून दिलाय.

वाईट केलंस साहिबां, भाता टांगलास जंडाला,
तीनशे होते बाण माझे, पुरते साऱ्या सियालांला.
पहिला तुझ्या शमीराला, भाऊ म्हणून ना सोडला,
पुढचा त्याला, ज्याच्या नावे चुडा तुझा भरलेला.


गोदाकाठ

चुडा भरलेला, वा! "जंडाला" आणि "सियालांला" दोन्ही शेवटी आ येतो, तो ताणता येतो, त्यामुळे चालीत बसतंय. आत्ता म्हणून बघितलं. तिसऱ्या ओळीत "ना सोडला" जरा अडखळतंय. "भाऊ म्हणुनी सोडला नसता" केलं तर अर्थ नीट लागतो, पण शेवटचा शब्द ताणायला "नसता" चांगला की "सोडला", हे गाऊनच ठरेल.


धुळाक्षर

अर्थाच्या दृष्टीनं "नसता"च हवं. मारलेलं नाहीये त्यानं, मारला असता.


रानजाई

दोघांचं पटतंय, "नसता" करते. वाण्याच्या दुकानाचा प्रसंग पण मराठीत करायला घेतलाय, तागडी आणि मधाचा. रविवारपर्यंत इथेच टाकते. टेम्सकाठी, शेजारणीला विचाराल का, तिच्या लहानपणी ओसरीवर म्हणायचे त्यात बाण मोडलेले होते की नुसता भाता टांगलेला?


टेम्सकाठी

विचारते. उद्या तिच्याकडे जाणारच आहे.